ग्रीक पुराणकथांतून किशोरवाचकांसाठी फँटसी लिहिताना

एल्युसिस गावातल्या ‘कुमारिकांच्या विहिरी’पाशी, ऑलिव्हच्या झाडाच्या सावलीत, एक म्हातारी बसलेली आहे. राजा केलिऑसच्या चार मुली काशाच्या घागरी घेऊन पाण्याला येतात, तिची विचारपूस करतात, आईची परवानगी घेऊन येतात आणि तिला आपल्या तान्ह्या भावाची दाई म्हणून घरी नेतात. ही म्हातारी म्हणजे हरवलेल्या मुलीच्या शोकाने भटकणारी, धान्याची देवी डेमेटर असते. ती त्या बाळाला, डेमोफोनला, अमर करण्यासाठी दररोज रात्री लाकडाच्या ओंडक्यासारखे आगीत ठेवते. एके रात्री आई मेटानिरा हे चोरून पाहते आणि किंकाळी फोडते. संतापलेली देवी बाळाला जमिनीवर टाकते, आपले खरे रूप प्रकट करते आणि घर सोडून जाते. बहिणी धावत येतात, बाळाला उचलतात, न्हाऊ घालतात, छातीशी धरतात. पण त्याचे रडे थांबत नाही, कारण आता त्याला धरणारे हात देवीचे नसतात.

सुमारे ४९५ ओळींच्या, होमरच्या नावावर असलेल्या प्राचीन ‘डेमेटर-स्तोत्रा’त ही कथा येते. त्या रात्री भीतीने कापत देवीची मनधरणी करणाऱ्या या मुलींकडे स्तोत्र पुढे वळून पाहत नाही. चौघींपैकी क्लेसिडिकीच्या वाट्याला तर नावापलीकडे एक विशेषणही आलेले नाही. किशोरवाचकांसाठी ग्रीक पुराणकथांवर आधारित फँटसी लिहू इच्छिणाऱ्याने अशाच जागी थांबावे, असे मला मनापासून वाटते. राक्षस, उडते घोडे आणि वीज फेकणारे देव कोणालाही सहज उचलता येतात. या कथांची खरी ताकद मात्र त्यांतल्या बांधिलकींमध्ये आहे. कोणी कोणाला घरात घेतले, कोणी कोणाची शपथ वाहिली, आजोबांचे कोणते ऋण नातवाच्या माथी आले, अशा प्रश्नांवर या कथा उभ्या आहेत. न मागितलेल्या बांधिलकींचा पहिला चटका माणसाला किशोरवयातच बसतो, म्हणून हे वय आणि या कथा एकमेकांना इतक्या जवळच्या आहेत. पुढे उदाहरण म्हणून क्लेसिडिकीचीच कादंबरी डोळ्यांसमोर ठेवली आहे.

मूळ कथा वाचताना

ग्रीकांचा एकच एक धर्मग्रंथ नव्हता. ‘इलियड’ आणि ‘ओडिसी’ ही महाकाव्ये साधारणपणे इसवी सनपूर्व आठव्या शतकातली मानली जातात, ग्रीक कवी हेसिअडची ‘थिऑगनी’ इसवी सनपूर्व ७००च्या आसपासची, तर रोमन कवी ओव्हिडचे ‘मेटॅमॉर्फसिस’ इसवी सन ८च्या सुमारास पूर्ण झालेले. म्हणजे या साहित्याचा पल्ला सातशे वर्षांहून मोठा आहे आणि त्या काळात कथा सतत बदलत राहिल्या. हेसिअडची मेड्युसा गॉर्गन या राक्षसी बहिणींपैकी मर्त्य असलेली एक बहीण आहे आणि समुद्रदेव पोसायडनशी तिची भेट वसंतातल्या फुलांच्या कुरणात होते. ओव्हिडची मेड्युसा ही सुंदर केसांची तरुणी असून देवळात तिच्यावर बळजबरी होते आणि शिक्षा मात्र तिलाच मिळते. डेमेटर-स्तोत्रातली पर्सेफोनी, म्हणजे डेमेटरची ती हरवलेली मुलगी, डाळिंबाचा एक दाणा खाते आणि वर्षाचा एकतृतीयांश काळ पाताळात घालवते, तर ओव्हिडकडे दाणे सात आणि काळ अर्ध्या वर्षाचा. जगात दुःखे मोकळी सोडणाऱ्या पँडोराकडे पेटी नव्हतीच; हेसिअडने सांगितलेला आहे तो धान्य-तेल साठवण्याचा मोठा रांजण, आणि त्याची पेटी झाली ती सोळाव्या शतकातल्या लॅटिन पुनर्कथनामुळे.

म्हणून ज्या कथेवर लिहायचे तिची किमान दोन जुनी रूपे भाषांतरातून का होईना, पण पूर्ण वाचावीत. कोशातला सारांश पुरेसा नाही, कारण सारांशात नेमकी ती ओळ गळते जिच्यातून कादंबरी निघते. बाळाचे रडे थांबले नाही, ही ओळ सारांशात सहसा सापडत नाही. वाचताना एका वहीत कोणता तपशील कोणाकडून आला ते नोंदवत जावे आणि मग एक रूप आपल्या कादंबरीतले सत्य म्हणून निवडावे. बाकीची रूपे टाकून देण्याची गरज नाही. ती पात्रांच्या तोंडी अफवा, लोकगीत किंवा शत्रूने पसरवलेली कहाणी म्हणून वापरता येतात, आणि त्यामुळे आपले जग एकाएकी जुने आणि वस्ती असलेले वाटू लागते.

कथा बदलण्याचा अधिकार आहे का, हा प्रश्न नवे लेखक बिचकत विचारतात. खुद्द ग्रीक नाटककारांनीच त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे. एस्किलसच्या नाटकात आगामेम्नॉनची मुलगी इफिजेनिया वेदीवर बळी जाते, तर युरिपिडीसच्या एका नाटकात आर्टेमिस देवी तिला ऐनवेळी उचलून दूरदेशी नेते आणि वेदीवर तिच्या जागी हरिणी मरते. शेवट बदलला, पण बापाने सैन्यासाठी मुलीचा बळी द्यायला होकार दिला हा ताण दोन्हीकडे तसाच आहे. माझ्या मते कसोटी हीच असावी: घटना बदलावी, स्थळ बदलावे, निवेदक बदलावा, मात्र कथेच्या गाभ्यातली कोंडी सैल करू नये.

नियम आधी, जादू नंतर

फँटसी लिहिणारे अनेकदा जादूची पद्धत स्वतंत्रपणे घडवू पाहतात. ग्रीक कथांवर काम करताना तो खटाटोप करावा लागत नाही, कारण त्या जगाला आधीच कडक नियम आहेत आणि त्यातले पुष्कळसे देवांनाही लागू आहेत. स्टिक्स या पाताळातल्या नदीची शपथ हे त्याचे उत्तम उदाहरण. हेसिअड सांगतो की जो देव ही शपथ मोडतो तो पूर्ण एक वर्ष श्वासाविना निपचित पडून राहतो आणि त्यानंतर नऊ वर्षे देवांच्या सभांना व मेजवान्यांना मुकतो. दहा वर्षे! चौदा वर्षांच्या नायिकेने एखाद्या देवाला ही शपथ घ्यायला लावली, तर तिच्या हातात तलवारीपेक्षा मोठे शस्त्र येते, आणि तितकाच मोठा धोकाही.

दुसरा नियम ‘झेनिया’चा, म्हणजे यजमान आणि पाहुणा यांच्यातल्या पवित्र नात्याचा. अनोळखी माणूस दारात आला तर आधी त्याला खाऊपिऊ घालायचे आणि मग नाव विचारायचे. पाहुण्यानेही यजमानाचा घात करायचा नाही. आणि या साऱ्यावर देवांचा राजा झ्यूस याची नजर असते. हे नाते वारशाने पुढे चालते. ‘इलियड’च्या सहाव्या सर्गात डायोमिडीस आणि ग्लॉकस हे शत्रुपक्षांतले योद्धे समोरासमोर येतात, आपले आजोबा एकमेकांचे पाहुणे होते हे त्यांना उमगते आणि ते भर रणांगणात लढाई थांबवून चिलखतांची अदलाबदल करतात. वैऱ्याच्या घरातला मुलगा आणि आपली नायिका यांच्यात असे जुने आतिथ्याचे नाते निघाले तर काय होईल, याचा विचार करून पाहावा.

तिसरा नियम रक्तपाताने चिकटणाऱ्या ‘मिआझ्मा’चा. हा दोष हेतू पाहत नाही. अपघाताने हातून कोणी मेले तरी तो लागतो, घराला आणि नगराला ग्रासतो आणि शुद्धीचा विधी झाल्याशिवाय जात नाही. चौथा नियम माझ्या विशेष आवडीचा आहे: एका देवाने केलेले दुसऱ्या देवाला पुसता येत नाही. झ्यूसची राणी हेरा हिने टायरेसियस नावाच्या माणसाची दृष्टी घेतली तेव्हा झ्यूस ती परत देऊ शकला नाही, त्याने बदल्यात भविष्य पाहण्याची शक्ती दिली. शेवटच्या प्रकरणात कोणी देव येऊन सर्व काही पूर्ववत करील, ही पळवाट या एका नियमाने बंद होते, आणि कादंबरीचे त्यात भलेच आहे. मृतांनाही नियम आहेत. ‘ओडिसी’च्या अकराव्या सर्गात मेंढ्यांचे रक्त प्यायल्याशिवाय सावल्यांना ओळख पटत नाही की बोलता येत नाही, ओडिसियस आपल्या मृत आईला तीनदा मिठी मारू पाहतो आणि तिन्ही वेळा हातात काहीच येत नाही.

एका कादंबरीला यांपैकी दोन नियम पुरेत. ते पहिल्या चार-पाच प्रकरणांत कृतीतून दिसावेत आणि नंतर ते मोडण्याची किंमत वाचकाने प्रत्यक्ष पाहावी. क्लेसिडिकीच्या कथेत मी झेनिया निवडीन. स्तोत्रात पुढे डेमेटर गावाकडून देऊळ बांधून घेते, त्यात एकटी बसून राहते आणि पृथ्वीवर एकही बी रुजू देत नाही. दुष्काळ पडतो. आता क्लेसिडिकीचा दावा ऐकावा: देवी आमच्या घरी पाहुणी म्हणून आली, आमच्या हातचे जव, पाणी आणि पुदिन्याचे पेय प्यायली, तेव्हा आमच्या घराचा नाश तिला करता येणार नाही. देवीचा दावाही तितकाच खरा आहे: यजमानीणबाईने माझ्यावर संशय घेतला, किंचाळून माझे काम मोडले, तेव्हा नाते तुम्हीच तोडले. दोन्ही बाजू नियमाच्या आधारे उभ्या असल्या की खलनायक शोधत बसावे लागत नाही.

नायिका, नायक आणि त्यांचे वय

किशोरवाचकांच्या साहित्याचा वाचक साधारणपणे बारा ते अठरा वर्षांचा धरला जातो आणि त्याला आपल्याच वयाच्या किंवा एखाद-दोन वर्षांनी मोठ्या पात्राच्या मनात बसून जग पाहायचे असते. त्यामुळे प्रथमपुरुषी निवेदन किंवा एकाच पात्राच्या जाणिवेशी बांधलेले तृतीयपुरुषी निवेदन सोयीचे पडते. सर्वज्ञ निवेदक घेतला तर तो देवांच्या सभेत रमतो आणि मुलगी मागे राहते.

देवाचे मूल असलेला, पण ते ठाऊक नसलेला नायक ही फार मळलेली वाट आहे. ती वर्ज्य नाही, पण रक्तातच सामर्थ्य असले की निवडीला वाव उरत नाही. त्यापेक्षा कथेच्या कडेला उभी असलेली माणसे शोधावीत. मिनोटॉर या अर्ध्या बैलाच्या, अर्ध्या माणसाच्या राक्षसाचे भक्ष्य म्हणून अथेन्सहून क्रीटला पाठवलेल्या सात मुलांपैकी आणि सात मुलींपैकी थीसियस सोडून सामान्य वाचकाला कोण आठवते? मिनोटॉरलाही अ‍ॅस्टेरियन हे स्वतःचे नाव होते. मूल वाढवणारी दाई, होडी सांभाळणारा पोऱ्या, भविष्यवाणी ऐकून घरी निरोप नेणारा मुलगा, या सर्वांजवळ सांगण्यासारखे काही ना काही आहे.

वयात येण्याच्या ग्रीक प्रथा या लेखनात सोन्याच्या खाणीसारख्या आहेत आणि त्यांचा वापर आश्चर्यकारकरीत्या कमी होतो. अथेन्सभोवतीच्या अ‍ॅटिका प्रदेशाच्या पूर्व किनाऱ्याजवळ ब्राउरॉन येथे आर्टेमिसचे स्थान होते. तिथे अथेन्समधल्या लहान मुली काही काळ देवीच्या सेवेत राहत आणि त्यांना ‘अस्वले’ म्हणत. लग्नापूर्वी मुली आपली खेळणी आर्टेमिसला वाहत. अथेन्समधले तरुण अठराव्या वर्षी नागरिकांच्या यादीत नोंदले जात आणि दोन वर्षे लष्करी शिक्षण व सीमेवरची गस्त करत. देवीसाठी अस्वल झालेल्या मुलीला पुन्हा माणूस व्हायचेच नसेल, तर तिथून एक अख्खी कादंबरी सुरू होते.

नायिकेला काहीतरी नेमके हवे असावे आणि ते तिने मोठ्यांच्या मदतीची वाट न पाहता मिळवू पाहावे. क्लेसिडिकीला गाव वाचवायचे नसते. गावाची काळजी वडिलांना आहे. तिला त्या रात्रीनंतर बदललेला भाऊ परत हवा आहे. देवाच्या मुलासारखा झपाट्याने वाढणारा, चुलीतल्या निखाऱ्यांकडे टक लावून बसणारा डेमोफोन आता घरात कोणाच्याही कुशीत शांत होत नाही, आणि म्हातारीला विहिरीवर आपणच प्रथम पाहिले हे तिच्या मनातून जात नाही. अपराधाची ही बोच वाचक स्वतःच्या घरातूनच ओळखतो, मग भोवती देव असोत वा नसोत.

भविष्यवाणी

भविष्यवाणी लिहिताना बहुतेकांचा घोळ होतो, म्हणून याबाबत थोडे सविस्तर लिहितो. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने सांगितलेली क्रीससची गोष्ट नमुन्यादाखल घ्यावी. लिडियाचा हा राजा पर्शियावर चालून जाण्याआधी डेल्फी येथल्या अपोलोच्या देवळात कौल लावतो आणि उत्तर मिळते की त्याने स्वारी केली तर एक मोठे साम्राज्य नष्ट होईल. तो स्वारी करतो आणि साम्राज्य नष्ट होते, त्याचे स्वतःचे. या वाक्यात खोटे काहीच नाही. फसवले ते क्रीससच्या इच्छेने. कोणते साम्राज्य, हा प्रश्न विचारावासाच त्याला वाटला नाही.

यातून लिहिण्याची रीत मिळते. आधी कादंबरीचा शेवट निश्चित करावा. मग त्या शेवटाचे खरे वर्णन करणारे, पण दुसराही सरळ अर्थ निघणारे एक वाक्य लिहावे. तो दुसरा अर्थ पात्राच्या इच्छेशी जुळणारा असला पाहिजे, म्हणजे वाचकही पात्रासोबत त्यालाच धरून बसतो. शब्दांवरची कोटी किंवा कोडे म्हणून भविष्यवाणी लिहू नये; कोडे सुटल्यावर संपते, तर चुकीचा अर्थ कळल्यावर माणूस बदलतो. इडिपसच्या कथेप्रमाणे भविष्य टाळण्यासाठी उचललेले पाऊलच भविष्याकडे नेणारे असेल, तर ते पाऊल पात्राच्या स्वभावातून आलेले असावे, योगायोगातून नव्हे. क्लेसिडिकीला मी असे वाक्य देईन: ‘जो हात बाळाला सोडील, त्या हाताने ते वाचेल.’ ती मनाशी धरते की दोष देवीच्या हातांचा आहे, देवीलाच परत आणले पाहिजे. सोडायचे आहे ते आपल्यालाच, हे तिला फार उशिरा कळते.

देव रंगवताना

देव मोजके असावेत. दोन किंवा तीन पुरतात. बाराही ऑलिंपियन देव आणले की प्रत्येकाला एकेक ठळक स्वभाव चिकटवला जातो आणि ती मुखवट्यांची मिरवणूक होते. देवाला काय हवे आहे, याचे ग्रीक उत्तर एका शब्दात देता येते: ‘टिमे’, म्हणजे आपल्या वाट्याचा मान. झ्यूस, पोसायडन आणि हेडीस या तिघा भावांनी चिठ्ठ्या टाकून आकाश, समुद्र आणि पाताळ वाटून घेतले, पृथ्वी आणि ऑलिंपस मात्र सर्वांचे राहिले, असे ‘इलियड’मध्ये पोसायडन स्वतः रागाने सांगतो. माणसे उपाशी मेली तर देवांना होम मिळणार नाहीत, या भीतीनेच झ्यूस डेमेटरपुढे नमते घेतो. देवांनाही माणसांची गरज असते, ही गोष्ट सौद्याला जागा देते.

देव प्रकट होतो तेव्हा वाचकाच्या अंगावर काटा आला पाहिजे. मेटानिराच्या उंबरठ्यावर पाऊल ठेवताना वेश पालटलेल्या डेमेटरचे मस्तक छताला टेकते आणि दरवाजा प्रकाशाने भरतो. स्तोत्राने एवढेच सांगितले आहे आणि ते पुरेसे आहे. देवांना शाळासोबत्यांसारखे गप्पिष्ट केले की जवळीक वाढते हे खरे, पण भीती कायमची जाते, आणि भीतीशिवाय नायिकेच्या धैर्याला अर्थ राहत नाही.

काळ, स्थळ आणि वस्तू

कथा कोणत्या काळात घडते हे आधी ठरवावे, कारण ‘प्राचीन ग्रीस’ हा एकच काळ नाही. ट्रॉयच्या युद्धाचे म्हणून मानले जाणारे जग काशाच्या हत्यारांचे आणि राजवाड्यांचे आहे. तिथे नाणी नाहीत, कारण ग्रीक जगात नाणी आली ती इसवी सनपूर्व सहाव्या शतकात. त्यामुळे मृताच्या तोंडात नावाड्यासाठी नाणे ठेवण्याची प्रथा त्या जगात बसत नाही, आणि तो नावाडी केरॉन होमरच्या काव्यात येतही नाही. टोमॅटो, बटाटा, मका आणि मिरची ही अमेरिका खंडातून खूप नंतर आलेली पिके आहेत. ताटात जवाची भाकर, ऑलिव्ह, अंजीर, चीज, मासे असावेत आणि द्राक्षरसाची दारू पाणी मिसळून प्यायली जावी. गुलामगिरी होती, आणि राजाच्या मुलीच्या घरात पाणी तापवणारे हात कोणाचे होते हे नायिकेला दिसले पाहिजे.

कथा आजच्या जगात घडवायची असेल, तर देव इतकी शतके काय करत होते आणि त्यांना आज होम कोण देते, या प्रश्नांची उत्तरे लिहिण्याआधी स्वतःजवळ असावीत. ऑलिंपस हा २,९१७ मीटर उंचीचा खरा डोंगर आहे आणि त्याच्या सर्वोच्च शिखरावर माणसे चढल्याची पहिली नोंद १९१३ची आहे. तेव्हा वर कोणीच कसे भेटले नाही, याचेही उत्तर कथेत लागते.

मराठीत लिहिताना

नावांसाठी एकच परंपरा धरावी. झ्यूस लिहिले तर ज्युपिटर नको, हेराक्लीस लिहिले तर हर्क्युलिस नको. शिवाय हेराक्लीस या नावात ‘हेराची कीर्ती’ दडलेली आहे आणि त्याचा आयुष्यभर छळ करणारीही हेराच, हा अर्थ रोमन रूपात हरवतो. त्याहून नाजूक प्रश्न ओळखीच्या शब्दांचा आहे. अमृत, यज्ञ, पाताळ, शाप, नरक, पाप हे शब्द आपापले जग सोबत घेऊन येतात. हेडीसच्या राज्यात बहुतेक मृतांना शिक्षा नसते, ते नुसते फिके होऊन भटकत राहतात, म्हणून तिथे ‘नरक’ म्हटले की वाचकाला चुकीचे चित्र दिसते. मी वर ‘पाताळ’ वापरले ते केवळ जमिनीखालचा प्रदेश या अर्थाने. ‘मिआझ्मा’ला मात्र ‘विटाळ’ म्हणणे मी कटाक्षाने टाळीन, कारण त्या मराठी शब्दाखाली जिवंत माणसांचा अपमान साचलेला आहे. जिथे प्रतिशब्द अर्थ बिघडवतो तिथे ग्रीक शब्द ठेवावा आणि पहिल्या वापराच्या वेळी प्रसंगातून तो उलगडावा. तळटीपांनी किशोरवाचक कथेबाहेर फेकला जातो.

क्रौर्याबाबत

या कथांमध्ये अपहरण, बळजबरी आणि मुलांचे बळी सर्रास आहेत. ते गाळून कथा गोड करणे मला अप्रामाणिक वाटते, पण अपहरणाला प्रेमकथेचा साज चढवणे त्याहून वाईट आहे. वाट जुन्या स्तोत्रानेच दाखवली आहे: पर्सेफोनीला नेले जाते तेव्हा तिची हाक हेकाटी देवी आणि सूर्य ऐकतात, आणि त्यानंतरचे जवळजवळ सारे काव्य आईच्या आकांताचे आहे. कृत्याचे वर्णन थोडक्यात करावे आणि परिणामाजवळ दीर्घकाळ थांबावे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला बोलू द्यावे, रागावू द्यावे, आणि क्षमा करण्याची सक्ती त्याच्यावर करू नये.

पहिला खर्डा

आराखडा फार बारीक करू नये. निवडलेले दोन नियम, नायिकेची इच्छा, शेवट आणि भविष्यवाणीचे वाक्य एवढे एका पानावर असले की लिहायला सुरुवात करावी. दुसऱ्या वाचनात प्रत्येक प्रकरणाला विचारावे की इथे नायिकेने स्वतः काय ठरवले आणि त्याची किंमत कोणी मोजली. उत्तर सापडले नाही, तर ते प्रकरण बहुधा पुराणकथेची माहिती देण्यासाठीच लिहिले गेले आहे आणि ते काढता येईल. खर्डा त्या वयाच्या दोन-तीन वाचकांना द्यावा आणि ‘आवडले का’ असे विचारण्याऐवजी कुठे पाने उलटली, कुठे मागे जाऊन पुन्हा वाचले, एवढेच विचारावे.

सरावासाठी कादंबरीआधी एकच प्रसंग लिहून पाहावा. त्या रात्रीचा, किंकाळीनंतरचा. देवी निघून गेली आहे, आई जमिनीवर बसली आहे, चार बहिणी खोलीत आल्या आहेत आणि बाळ क्लेसिडिकीच्या हातात आहे. पाचशे शब्द, तिच्याच तोंडून, देवीचे नाव एकदाही न घेता.